पाठमोरं वजन

रविवारी वजनकाट्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं. गिऱ्हाईक नको, उजेड हवा, एवढ्यापुरतं. त्या अर्ध्या उजेडात आप्पा मोठ्या काट्यासमोर उभे होते. उजव्या मुठीत शिशाचे दाणे होते. मूठ घामानं ओली झाली होती आणि गेली दहा मिनिटं ती उघडत नव्हती.

काटा आप्पांच्या वडिलांच्या हातचा. खाली लोखंडी पाटा, मागे उभा खांब, खांबावर आडवी दांडी, दांडीवर सरकतं पितळी वजन. पोती, पत्रे, कागदाचे गठ्ठे आणि या घरातली चार पिढ्यांची माणसं, सगळ्यांना त्यानं सारख्याच थंडपणानं अंगावर घेतलं होतं. दांडीच्या टोकाला एक छोटी डबी लटकत असे. तिच्यात शिशाचे दाणे कमीजास्त करून रिकामा काटा शून्यावर आणायचा, ही धंद्यातली पहिली शिकवण. दाणे जास्त पडले की काटा हलकं बोलतो. बारा किलो गिळायला किती दाणे लागतील हे आप्पांच्या तळव्याला न मोजता कळत होतं. तेवढेच मुठीत होते.

बारा किलो. ताईचे.

ताई म्हणजे त्यांची थोरली लेक. आठ वर्षांपूर्वी तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, जठराची अंड्याएवढी पिशवी उरली, आणि एकशे एकतीस किलोंची ताई दीड वर्षात बहात्तरावर आली. तेव्हापासून दर रविवारी, तोंडात काही घालायच्या आधी, ती या पाट्यावर उभी राहायची. दांडीकडे पाठ करून, डोळे मिटून. आकडा बघण्याएवढी तिची छाती नव्हती. तो आप्पांनी वाचायचा आणि मोठ्यानं सांगायचा. पोरं लहान असताना त्यांना काट्यावर चढवताना म्हणायला आप्पांनीच एक गाणं जुळवलं होतं:

डोल दांड्या डोल,
खरं तेवढं बोल,
लेकराचा माझ्या
नीट कर तोल.

ताई पन्नाशीला टेकली तरी पाट्यावर पाय ठेवताना तिचे ओठ हलायचे.

दांडी खरं तेवढंच बोलत होती. गेली तीन वर्षं आप्पा बोलत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी पंच्याहत्तर भरले. आप्पांनी ते जसं होतं तसं सांगितलं. ताई खाली उतरली, चपला घातल्या आणि रोजच्यासारखी छापखान्यात कामाला जात राहिली. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही की तिनं खाणंच सोडलंय. बाराव्या दिवशी मजकूर तपासता तपासता तिला एका ओळीच्या दोन ओळी दिसायला लागल्या, आणि खुर्चीतून उठताना पाय जणू दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी ती कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असं पोट झालेल्या माणसाला उपास चालत नाही, अंगातल्या जीवनसत्त्वांचा साठा संपतो आणि नसा विझायला लागतात. तीन किलो परत येणं ही काही आपत्ती नव्हे, पुष्कळांचं येतं. वजनाला भिऊ नका, उपाशी राहण्याला भ्या, आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला घेऊन या.

आप्पा भ्यायले. इतके भ्यायले की ती सावरल्यावर काही महिन्यांनी एका रविवारी दांडी सत्त्याहत्तरावर थांबलेली बघून त्यांच्या तोंडून निघालं, "बहात्तर." ताईनं सुटकेचा श्वास सोडला, वर गेली आणि जेवली. तिच्या चमच्याचा आवाज जिन्यातून खाली आला तेव्हा आप्पांना वाटलं, या एका शब्दाचं पाप लागलं तर लागो.

मग ते लागतच गेलं. कधी साडेबहात्तर, कधी पावणेबहात्तर, खरं वाटावं म्हणून.

"अहो, काय करताय?"

आतल्या दारात ताईची आई उभी होती. आप्पांनी मूठ पाठीमागे नेली. बावन्न वर्षं ज्या बाईसमोर त्यांनी काही लपवलं नव्हतं तिच्यासमोर ते चोरी पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले.

आईनं मुठीकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. या दुकानात लग्न होऊन आलेली बाई, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती आत आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"तुला कसं..."

"किती आहे ते सांगा."

"चौऱ्याऐंशी."

आईनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, की तिला वाटलंच होतं दहाच्या पुढे असेल. तीन वर्षं ती ताईच्या कपड्यांच्या शिवणी उसवत होती. ताई छापखान्यात गेली की एकेक कपडा काढायचा, आतला मार्जिनचा कापडपट्टा मोकळा करायचा, पुन्हा टाके घालायचे, धुऊन, इस्त्री करून जागेवर ठेवायचा. "आता शिवणीत कापड उरलं नाही," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात निळ्याला जोड द्यावा लागला. मला वाटत होतं, मी एकटीच तिला फसवतेय."

एकाच घरात, एकाच लेकीच्या भोवती, दोघांनी दोन भिंती बांधल्या होत्या आणि मधल्या बोळात एकमेकांची चाहूलही लागू दिली नव्हती.

आज मात्र चिमणी येणार होती. धाकट्या मुलाची, भाऊची मुलगी, त्यांची एकुलती नात. उद्या सकाळी तिची तीच शस्त्रक्रिया, त्याच दवाखान्यात. तिनं फोनवर हट्टानं सांगितलं होतं, की जायच्या आधी तिला आजोबांच्या काट्यावर उभं राहायचंय, आणि आत्याचे बहात्तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत. म्हणजे धीर येईल. चिमणीला दांडी वाचता येत होती. याच दुकानात, याच पाट्यावर बसून ती आकडे शिकली होती.

"घाला मग दाणे," आई हळूच म्हणाली.

"रिकामा काटा शून्यावर राहणार नाही. पोरीच्या नजरेतून सुटायचं नाही ते."

"हेच कारण?"

आप्पांनी काट्याकडे पाहिलं. मग मूठ तशीच खिशात घातली. "जिभेनं खोटं बोललो मी," ते म्हणाले. "काट्याला नाही बोलायला लावलं कधी. हात धजत नाही."

बाहेर भाऊच्या गाडीचा आवाज आला.

*

सूनबाईला, चिमणीच्या आईला, सासरचं स्वयंपाकघर आवडायचं, कारण इथे तिची लेक खुर्चीत बसली की खुर्चीबद्दल कुणी बोलत नसे. ओट्याजवळची ती लोखंडी खुर्ची आप्पांनी कधीतरी मुकाट्यानं जाड सळईची करून घेतली होती.

चिमणी सूपचा पेला घेऊन त्याच खुर्चीत बसली होती. शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस फक्त पातळ खायचं, यकृत लहान व्हावं म्हणून. आज पंधरावा दिवस. ती ताईला सांगत होती, की आता चालताना पोटात लाटा उठतात, एखादी होडी सोडली तर सहज वल्हवता येईल. ताई हसली. ओट्यावर ती स्वतःच्या नाश्त्याचं अंडं कापत होती. अंड्याचे बारा तुकडे. चहाच्या चमच्यानं खायचे. पाण्याचा पेला जवळ नाही, पाणी अर्ध्या तासानं. आठ वर्षं हे असंच.

भाऊ दारात उभा होता. कालपासून तो सूनबाईशी धड बोलत नव्हता. त्याला ही शस्त्रक्रिया नको होती. छापखान्याच्या फरशीवरून बहिणीला उचलणारा तोच होता, आणि तेव्हा तिचे डोळे कसे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते ते तो विसरला नव्हता. पोरगी तेवीस वर्षांची आहे, त्याचं म्हणणं, अजून दोन वर्षं चालून, पोहून बघू.

सूनबाई शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची. काचेच्या नळ्या, मोजमाप, नोंद, तिला अंदाज चालत नसे. पण दुपारी सोफ्यावर चिमणीचा डोळा लागला की ती हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायची. पोरीचं घोरणं मध्येच थांबायचं. श्वासच थांबायचा. सूनबाई मनात आकडे म्हणायची. अकरा, बारा, तेरा. मग एक मोठा आचका देऊन श्वास परत यायचा. गेल्या महिन्यात एकदा ती एकोणीसपर्यंत पोचली होती. चाललं, पोहलं, डबे मोजून भरले, चार वर्षं सगळं करून झालं होतं. एकोणीसनंतर तिनं नवऱ्याला विचारायचं सोडून दिलं आणि तारीख घेतली.

या सगळ्यात तिचा एकच आधार होता, तो म्हणजे ओट्याशी उभी असलेली ही नणंद. घरात ताईचे बहात्तर म्हणजे दगडावरची रेघ. भाऊ काहीही बोलला की सूनबाई एवढंच म्हणायची, ताईंकडे बघा.

ताई चिमणीला समजावत होती, की चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरायचं नाही, परत येतात. गोड जास्त झालं तर घाम सुटेल, छाती धडधडेल, आडवं व्हायचं. गोळ्या जन्मभर. "आणि पोट भरतं पण मन भरत नाही, ते सगळ्यात अवघड. त्याची गोळी नाही."

"मग तू काय करतेस?" चिमणीनं विचारलं.

ताईनं सुरी खाली ठेवली. "दर रविवारी आप्पांच्या काट्यावर उभी राहते. बहात्तर ऐकलं की पुढचे सहा दिवस निघतात."

भांडी लावणाऱ्या आईच्या हातातून ताटली निसटली. फुटली नाही, पण फरशीवर बराच वेळ गोल गोल फिरत राहिली. सूनबाईनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो उतरला होता. का, ते तिला कळलं नाही.

"चला, उरकून घेऊ," ताई म्हणाली. "अंडं गार होतंय."

*

चिमणी आधी पाट्यावर चढली. तोंड दांडीकडे करून. आजोबांनी वजन सरकवलं. दवाखान्यात शुक्रवारी एकशे अडतीस भरले होते. इथेही दांडी बरोबर एकशे अडतीसवर आली आणि हवेत तरंगत राहिली.

"काटा खरा आहे हं आजोबा," ती म्हणाली. "दवाखान्याशी जुळला."

आजोबा हसले नाहीत. त्यांचा उजवा हात खिशात होता. आधी सगळ्यांनी खाऊन घ्या, वजन काय पळून जातंय, असं ते दुसऱ्यांदा म्हणाले. पण आत्या चपला काढून पाट्यावर चढलीसुद्धा होती. पाठ फिरवली, डोळे मिटले, ओठ हलले. डोल दांड्या डोल.

चिमणी आजोबांच्या शेजारी उभी राहिली. तिला आत्याची पाठ दिसत होती. निळा कपडा, आणि बगलेखाली बोटभर रुंदीचा एक जोड, जरा गडद निळ्या कापडाचा. तिनं तो पाहिला आणि काही विचार केला नाही.

आजोबांनी डाव्या हातानं वजन सत्तरावर नेलं, मग दोन रेघा पुढे. टक्. दांडी वरच्या अडसराला जाऊन आपटली आणि तिथेच चिकटली.

"बहात्तर," आजोबा म्हणाले.

"आजोबा, दांडी वर अडकलीय," चिमणी म्हणाली. म्हातारपणी नजर अधू होते, तसंच काहीतरी तिला वाटलं. तिनं हात पुढे करून वजन सरकवलं. पंच्याहत्तर. दांडी हलली नाही. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. आणि ऐंशीवर आल्यावर तिला कळलं की तिनं काय केलंय. तिनं आजोबांकडे पाहिलं.

एवढं भ्यालेलं माणूस तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे तिच्याकडे काहीतरी मागत होते. मागे दारात आजी भिंतीला धरून उभी होती. बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि तिची आई बाबांच्या जवळ सरकली होती.

"काय झालं गं?" आत्यानं डोळे न उघडता विचारलं. "बोलत का नाही कुणी?"

चिमणीचं बोट आपोआप पुढे गेलं. एक्याऐंशी, ब्याऐंशी. चौऱ्याऐंशीवर दांडी सुटली, खाली आली, वर गेली आणि मधोमध शांत झाली.

सगळं फार सोपं होतं. एक शब्द म्हणायचा. तो तिच्या ओठांपर्यंत आला होता. तो म्हटला की आत्या उतरेल, अंडं खाईल, आणि रविवार संपेल. पण त्याच क्षणी चिमणीला दुसरं काहीतरी दिसलं. आठ वर्षांनंतरचा एक रविवार, पाट्यावर ती स्वतः, डोळे मिटलेली, आणि मागे तिच्यावर माया करणारी माणसं एकमेकांकडे बघत गप्प.

"आत्या," ती म्हणाली, "मागे वळ."

*

पाट्यावर उभं राहून वळणं सोपं नसतं. पाटा हलतो. ताईनं खांबाला धरलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा दांडीकडे तोंड केलं. तिच्या वळण्यानं दांडी वेड्यासारखी वरखाली नाचत होती. ती थांबेपर्यंत थांबावं लागलं, आणि तेवढ्या वेळात ताईला सगळं कळून चुकलं होतं. आकडा नंतर दिसला.

चौऱ्याऐंशी.

आधी कानांत सुंई वाजलं. मग ती जुनी हाक आली, तिच्या ओळखीची, गोड आवाजातली: खाऊ नकोस. आजपासून काहीच खाऊ नकोस. ती हाक ऐकून ताई जास्त घाबरली. आकड्याहून जास्त.

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा तिचा धंदा. अख्ख्या पानातली एक उलटी मात्रा तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि बगलेखालचा हा जोड? कमरेचं बटण हललेलं? जिना चढताना लागणारी धाप? तिला काही दिसलंच नव्हतं असं नाही. तिनं त्या ओळीवरून नजर उचलून पुढच्या ओळीवर नेली होती, एवढंच.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

आप्पांनी सांगितलं. सत्त्याहत्तरापासून सगळं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की बाहेर रस्त्यावरून सायकल गेली तरी मधले शब्द बुडाले. आईनं शिवणींचं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं.

"मुठीत काय आहे, आप्पा?"

त्यांनी हात खिशातून काढला आणि मूठ उघडली. तळव्यावर शिशाचे काळे ठिपके उमटले होते.

"घालणार होता?"

"हात धजला नाही."

ताई खाली उतरली आणि तिथल्या स्टुलावर बसली. भाऊ पुढे झाला, पण तिनं हातानं त्याला थांबवलं. तिला रागवायचं होतं. राग शोधला तर हाताला भीतीच लागत होती. "दोन वर्षं मी तपासणीला गेले नाही," ती म्हणाली. "दवाखान्यातून फोन यायचे. मी म्हणायचे, माझं वजन काट्यासारखं स्थिर आहे, मला काय झालंय? रक्त तपासलं नाही. गोळ्या घेते, कधी राहतात. सगळं त्या बहात्तरच्या भरवशावर, आप्पा."

आप्पांनी खांब धरला.

"आणि तीन आठवडे झाले," ती पुढे म्हणाली, आणि हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती, "पायांना मुंग्या येताहेत. डाव्या तळव्याला चप्पल कळत नाही. मला वाटलं, वजन ठीक आहे म्हणजे काही नसेल."

त्या मुंग्यांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

सूनबाईचा बांध आधी फुटला. ती म्हणाली, की नको मग. उद्याचं रद्द करा. ताईंसारख्या जपणाऱ्या बाईचं हे होत असेल तर पोरीचं काय होईल. तिचा आधारच कुणीतरी खालून काढून घेतला होता, आणि ती नवऱ्याकडे बघत होती, की आता तरी तो म्हणेल, मी सांगत होतो.

भाऊनं तसं म्हटलं नाही. तो काट्याकडे बघत होता. एकशे एकतीस आणि चौऱ्याऐंशी यांच्यामध्ये किती जागा आहे ते त्याच्यासारखा या दुकानात वाढलेला माणूस दांडीवर डोळ्यांनी मोजू शकत होता. "रद्द नाही करायचं," तो सावकाश म्हणाला. "ताई पडली ती वजनानं नाही पडली. उपाशी राहून पडली. आणि आम्ही सगळे तिच्या पाठीमागे उभे होतो म्हणून कळलं नाही." मग बायकोकडे वळून म्हणाला, "तू एकोणीसपर्यंत मोजलं होतंस ना? मला माहीत आहे. मी पण मोजतो."

सूनबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो बऱ्याच दिवसांनी परगावाहून आला होता.

ताईनं चिमणीला जवळ बोलावलं. ताईनं तिला सांगितलं, की उद्या जायचं की नाही ते तुझं तू ठरव, माझ्या बहात्तरवर ठरवू नकोस, तो आकडाच नाहीये.

"भीती वाटते," चिमणी म्हणाली.

"मला पण."

"तू येशील उद्या?"

"येईन. मलाही रक्त तपासायला द्यायचंय." ताईनं तिच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला, डावा पाय जरा घसरला, आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

"एक सांग," चिमणी म्हणाली. "आठ वर्षांनी मला खरं कोण सांगेल?"

"तू तोंड इकडे करून उभी राहा," ताई म्हणाली. "मग कुणी सांगायला लागत नाही."

*

आईनं अंडं परत गरम केलं नाही, नवं उकडलं. तेवढाच हाताला उद्योग. पाणी उकळेपर्यंत ती शेगडीकडे तोंड करून उभी होती, कारण मागे टेबलाशी ताई येऊन बसली होती, आणि तिच्याकडे बघायचं म्हणजे ते तीन वर्षांपूर्वीचे बारा दिवस पुन्हा बघणं.

तेव्हाही ती अशीच शांत बसली होती. तेव्हाही म्हणाली होती, भूक नाही, नंतर खाते. आणि आईनं विश्वास ठेवला होता.

आईनं अंड्याचे बाराच तुकडे केले. वाटी ठेवली, चमचा ठेवला. सगळे टेबलाभोवती बसले होते आणि कुणीच वाटीकडे बघत नव्हतं, इतकं की सगळ्यांचं लक्ष तिथेच आहे हे भिंतीलाही कळावं. आप्पा दारातल्या उंबऱ्यापाशी स्टूल टाकून बसले होते. आत यायचा आपला हक्क राहिलाय की नाही याची त्यांना खात्री नव्हती. शिशाचे दाणे त्यांनी डब्यात परत ओतले होते, पण तळवा पुन्हा पुन्हा धोतरावर झाडत होते, जणू एखादा दाणा चिकटलेला राहिलाय.

ताईनं वाटी पुढे ओढली. मग थांबली.

शेगडीवरचं पाणी अजून खदखदत होतं. आईला ते बंद करायचं भान राहिलं नाही. ताई वाटीतल्या तुकड्यांकडे बघत होती, जसं एखाद्या खोल पाण्याकडे बघावं, पाय टाकू की नको अशा नजरेनं. तिच्या डाव्या हाताची बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती. आईला त्या नजरेमागची झुंज दिसत होती, आणि त्यात तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. भरवायचं वय निघून गेलेलं लेकरू. देवानं आईला हात दोन दिले आणि असल्या वेळी दोन्ही रिकामे ठेवले.

चमचा उचलला गेला. एक तुकडा. तोंडापर्यंत गेला. आत गेला.

कुणी श्वास घेतला नाही.

ताईचं तोंड मिटलेलं होतं. ती समोर भिंतीकडे बघत होती. चमचा वाटीत परत ठेवलेला. दुसरा तुकडा उचलायला हात पुढे होईना. वेळ गेला. आणखी गेला. चिमणीनं सूनबाईचा हात धरला. भाऊ खुर्चीत पुढे सरकला. उंबऱ्यापाशी आप्पांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

आईला वाटलं, संपलं. एकच घास. आता ही वाटी सरकवणार, आता म्हणणार, नंतर खाते.

ताईनं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हात वर करून तिनं त्यांना जरा थांबायची खूण केली, आणि गिळलं.

"चावत होते," ती म्हणाली. "तीस वेळा चावावं लागतं, माहीत नाही का? असे मयताला बसल्यासारखे बसू नका माझ्यासमोर. बोला की कुणीतरी काहीतरी."

पहिल्यांदा भाऊ हसला, तोही नाकातून. मग चिमणीनं होडीचं पुन्हा सांगायला घेतलं. बोलताना तिचा आवाज कापत होता, पण ती बोलत राहिली. सूनबाईनं उठून शेगडी बंद केली आणि जाता जाता आप्पांचं स्टूल उंबऱ्याच्या आत ओढून घेतलं.

आईनं ऐकलं नाही. ती ताईच्या हाताकडे बघत होती. एक झाला, ती मनात म्हणाली, आणि दुसऱ्याची वाट बघत राहिली.